टिकलीचं दूध तोडलं तेव्हा

आमच्या घरात माणसांना दोन खोल्या होत्या आणि घोड्यांना पाच ठाणं. बडा गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत पुढे घर, मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला पत्र्याचं लांबलचक छप्पर. त्या छपराला कोणी तबेला म्हटलं की अप्पांच्या कपाळावर आठी पडायची. ती पागा होती. अप्पांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. अप्पा म्हणायचे ते शिलेदार होते, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला गेलेले. अप्पांचे चुलतभाऊ, आमचे नानाकाका, म्हणायचे की कसले शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारे साधे बारगीर होते. दर दिवाळीला फराळाच्या ताटांवरून हा वाद रंगायचा आणि आई चकल्या वाढत म्हणायची, जे असतील ते असोत, आता पगार येतो तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून. अप्पा तिथे कारकून होते. सायकलवर जायचे, सायकलवर यायचे आणि आल्यावर पायातल्या चपलाही न काढता आधी मागे पागेत जायचे.

सकाळी मिलचा भोंगा व्हायचा, देवळातली घंटा वाजायची, पण आम्हाला जाग यायची ती त्याच्याही आधी, रेवा नावाच्या आमच्या घोडीने फरशीवर खूर आपटला की. आमच्या घरी चुलीवर पहिला हंडा चढायचा तो घोडीच्या हरभऱ्याचा. चहाचं भांडं त्याच्यानंतर. शिजत्या हरभऱ्याचा वास अख्ख्या घराला लागलेला असायचा, शाळेच्या दप्तरालाही. मैत्रिणी नाक मुरडायच्या. मग माणसांचे पोहे, त्यावर शेव. आमच्याकडे शेव कशावर नसायची ते विचारा. अप्पा वरणभातावरसुद्धा मूठभर टाकून घ्यायचे आणि पुण्याहून येणारी मावशी ते बघून तोंडाला पदर लावायची. हे सगळं मी मजेत लिहितेय खरी, पण पुढे जे लिहायचं आहे त्याला मजेचा मागमूस नाही. ते लिहायचं टाळत टाळत मी या वयाला आले. आता टाळण्याइतकं आयुष्य हातात उरलेलं नाही.

संस्थान गेलं, घोडदळ गेलं, पण दसऱ्याची स्वारी राहिली होती. जुन्या घराण्यांतली माणसं त्या दिवशी पगड्या बांधून, ज्याच्याकडे घोडा असेल तो घोडा घेऊन निघायची. दरवर्षी घोडे कमी आणि पगड्या जास्त होत चालल्या होत्या. नानाकाकांनी आपला शेवटचा घोडा केव्हाच देऊन टाकला होता, ते जीपमधून यायचे. अप्पा मात्र रेवावर बसून जायचे. एरवी कचेरीत साहेबापुढे खांदे पाडून उभा राहणारा माणूस त्या दिवशी कोणी वेगळाच दिसायचा. त्या एका दिवसासाठी आम्ही वर्षभर घोडी पोसत होतो असं कोणी म्हटलं तर ते खोटं नव्हतं. आईला नवं लुगडं दोन वर्षांतून एकदा मिळायचं, घोडीला झूल दरवर्षी नवी. तिने त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी अप्पांना बघायला तीही गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहायची.

रेवाच्या शेजारच्या ठाणात सर्जा नावाचा म्हातारा घोडा असायचा. तो त्या थंडीत गेला, आणि होळीच्या सुमारास रेवा व्याली. शिंगरू मादी होतं, तांबूस रंगाचं, कपाळावर पांढरा ठिपका. अप्पांनी तिचं नाव रणरागिणी ठेवलं. ते नाव बारशापुरतंच टिकलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे तिला टिकली म्हणायला लागले, आणि अप्पाही कोणी ऐकत नाही असं बघून टिकलीच म्हणायचे. तिचे पाय इतके लांब होते की ते आपलेच आहेत यावर तिचा बरेच दिवस विश्वास बसला नसावा. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. घरात मी एकटीच मूल. शाळेतून आले की दप्तर फेकून मागे, आणि टिकली माझ्या वेणीचं टोक तोंडात धरून चघळायची. पत्र्याखाली पुन्हा दोन जिवांची हालचाल सुरू झाली म्हणून अप्पा इतके खुशीत होते की कधी कधी जेवताना गुणगुणायचे. त्यांचा सगळा हिशेब ठरला होता. रेवा आता उतरणीला लागली होती. आणखी तीनचार दसरे, मग टिकली.

पण दूध पाजून पाजून रेवा वाळली होती, आणि दसरा जवळ आला होता. गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी सांगितलं की आता टिकलीचं दूध तोडायचं. ती रीत त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली होती. आईला एकदम दूर न्यायचं, शिंगराला तिचा आवाजसुद्धा कानावर येता कामा नये. शिंगरू ठाणातच ठेवायचं. हाका मारील, मारू द्यायच्या. लाड करायचे नाहीत. दोनचार दिवसांत आपोआप चंदीला, म्हणजे दाण्याला, तोंड लावतं, आणि मग ते पागेचं घोडं होतं, आईचं राहत नाही. हे सगळं अप्पा जेवताना सांगत होते आणि आई पोळी लाटता लाटता थांबली होती. तिने एवढंच विचारलं की जरा हळूहळू नाही का करता येणार. अप्पा म्हणाले, हळूहळू केलं की दोघींना रोज नव्याने लागतं.

आत्याचं घर तेव्हा राऊला होतं, शहराबाहेर, शेताला लागून. अप्पा सकाळीच रेवाला घेऊन पायी निघाले. टिकलीचं तोंड मी ठाणात छातीशी धरून ठेवलं होतं, तिला आई जाताना दिसू नये म्हणून. दिसलं नाही, पण घराशेजारच्या बोळातून बाहेर पडणाऱ्या खुरांचा आवाज तिला ऐकू आला आणि तिच्या अंगातून जे कापरं गेलं ते माझ्या हातांना अजून आठवतं. रेवाने कोपऱ्यावरून एकदा हाक मारली. टिकलीने उत्तर दिलं. मग रस्त्यावरच्या टेंपोंच्या आवाजात सगळं बुडून गेलं. ज्या राऊला ती घोडी चालत गेली तिथेच आता मी राहते, सातव्या मजल्यावर. शेत कुठे होतं तेही सांगता येत नाही, सगळीकडे कॉलेजं आणि इमारती. बाल्कनीत बसले की रस्त्याकडे बघते आणि मनात येतं, याच रस्त्याने.

शिंगराचं ओरडणं ज्याने ऐकलं नाही त्याला ते शब्दांत सांगणं अवघड आहे. ते खिंकाळणं नसतं. बारीक, फाटका, वर चढत जाणारा आवाज असतो आणि प्रत्येक हाकेनंतर ती कान उभे करून थांबते. ते थांबणं जास्त वाईट. उत्तर येत नाही हे तिला प्रत्येक वेळी नव्याने कळत होतं. पहिले दोन दिवस ती ठाणात येरझाऱ्या घालत राहिली, ठाणापुढच्या आडव्या लाकडाला, आडणीला, छाती घासून घासून तिथलं कातडं सोललं. मग आवाज बसला. मग ती कोपऱ्यात तोंड घालून उभी राहिली, आणि ते सर्वांत भयंकर होतं. तिला खाऊ घालण्याचं काम अप्पांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी तोबरा, म्हणजे चंदीची पिशवी, तिच्या तोंडाला लावायचे आणि ती मान फिरवायची. आईने हरभऱ्यात गूळ घातला. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दिली. गणपतीपुढचा मोदकसुद्धा नेऊन पाहिला. गाजरं, भुट्ट्याची कोवळी पानं, काही म्हणून नाही. पाणी मात्र पीत होती, तेही मी बादली हातात धरली तर. मी शाळेत जाणं बंद केलं. बरगड्या एकेक करून वर आल्या. रोज सकाळी उठून मागे जाताना मी आधी लांबूनच वाकून बघायचे, आज ती उभी आहे की आडवी.

शेवटी आईने हट्ट धरला तेव्हा महूहून जनावरांचे डॉक्टर आले. शांत गृहस्थ होते. त्यांनी टिकलीच्या डोळ्यांची पापणी उलटून पाहिली, पोटाला कान लावला, इंजेक्शन दिलं आणि मग रिकाम्या ठाणांवरून नजर फिरवत अप्पांना विचारलं, यहाँ दूसरा कोई जानवर नहीं है? अप्पा म्हणाले नाही. डॉक्टर म्हणाले, "देखिए, दूध तो छूट जाता है. अकेलापन नहीं सहा जाता. पास में कोई भी जानवर बाँध दीजिए. बकरी हो, गधा हो. गधा मिल जाए तो सबसे बढ़िया." अप्पा हसले. त्यांना वाटलं डॉक्टर थट्टा करताहेत.

बकरी मात्र त्यांनी आणू दिली. आईने शेजारून एक मागून आणली. ती आल्या आल्या टिकलीची सगळी चंदी खाऊन मोकळी झाली, मग आईच्या वाळत घातलेल्या पोलक्याची बाही खाल्ली आणि टिकली जवळ आली की मागच्या पायांवर उभी राहून तिला शिंगं दाखवायची. टिकली तिला घाबरून आणखीच कोपऱ्यात दबली. बकरी परत गेली. अप्पा म्हणाले, झालं डॉक्टरांचं ऐकून. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि हसल्याचा मला माझाच राग आला.

आमच्या अंगणाची मागची भिंत खांद्याएवढी होती आणि तिच्या पलीकडे कुंभारांचं घर होतं. तिथल्या बाईचं नाव रुक्मा. त्यांच्याकडे माती वाहायची चार गाढवं होती. त्यांतली एक म्हातारी, गोरी नावाची, आता फारशी कामाला जात नसे. दिवसभर भिंतीपाशी उभी असायची. बकरी गेल्यावर मी टिकलीला जरा मोकळं सोडलं, तर ती थेट त्या भिंतीपाशी गेली आणि भिंतीवरून तिने मान पलीकडे टाकली. पलीकडून गोरीने नाक वर केलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. मी आवाज न करता तोबरा आणला आणि भिंतीपाशीच तिच्या तोंडाखाली धरला. तिने खाल्लं. थोडंसंच, चार घास असतील, पण दाढांखाली हरभरा फुटल्याचा तो मऊ आवाज ऐकून मी भिंतीला डोकं टेकून रडले.

संध्याकाळी मी अप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते उठून लगेच रुक्माकडे जातील. ते सायकल पुसत होते, पुसतच राहिले. मग म्हणाले, "मंदा, पागेत गाढव बांधायचं नाही."

"डॉक्टरजी पण तेच म्हणाले ना अप्पा."

"डॉक्टर औषधाचं सांगतील. शिंगरू ज्याच्यासोबत उभं राहतं त्याची चाल उचलतं. ही मान खाली घालून चालायला लागली तर कोणत्या स्वारीत जाणार?"

"पहले जगू तर द्या तिला."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. ते मला कधी रागावत नसत, तेव्हाही रागावले नाहीत. म्हणाले, की माणसाला गावाबाहेर काढायचं असलं की गाढवावर बसवतात, आणि तू ते आपल्या आजोबांच्या ठाणात आणून बांधायला सांगतेस. एवढं बोलून ते आत गेले. अप्पांना टिकलीचा जीव प्यारा नव्हता असं नाही. मी त्यांना पहाटे तिच्या छातीच्या जखमेवर हळद-तेल लावताना बघितलं होतं. पण त्यांच्याजवळ स्वतःचं असं जे काही होतं ते त्या पत्र्याखाली होतं, आणि तिथे गाढव आलं की मग ते नुसते पाणीपुरवठ्याचे कारकून उरणार होते. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त बरगड्या दिसत होत्या.

मी रुक्माकडे गेले. ती चाकावर बसली होती, मातीचे हात तसेच वर धरून तिने ऐकून घेतलं. ती म्हणाली, थारा बाप ने पूछ्यो? अप्पांना विचारलंय असं खोटं मी बोलू शकले नाही, नकारार्थी मान हलवली. तिने भिंतीकडे पाहिलं. टिकलीचं तोंड भिंतीवर होतं. "ले जा," ती म्हणाली, "पण सांझे पाछी लई आवजे. डोकरी है म्हारी." संध्याकाळी म्हातारीला परत आणायचं या बोलीवर रोजचं ठरून गेलं. अप्पांची सायकल कोपऱ्यावर वळली की मी बोळातून गोरीला घेऊन यायचे आणि त्यांच्या यायच्या आधी नेऊन सोडायचे. आई हे बघत होती. ती हंड्यात हरभरा ओंजळभर जास्त टाकायला लागली.

त्या दिवसांइतकं सुख मला पुढे क्वचितच मिळालं असेल. टिकली गोरीच्या पाठीवर हनुवटी टेकवून झोपायची, उभ्या उभ्या. गोरीने खाल्लं की टिकली खायची, गोरी थांबली की थांबायची. गोरीने शेपटीने माशा हाकलल्या की टिकलीही आपली आखूड शेपटी हलवायची. संध्याकाळी गोरी गेली की ती थोडी कावरीबावरी व्हायची, पण भिंतीपलीकडे ती आहे हे तिला ठाऊक असायचं. भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. बरगड्या बुजत चालल्या. छातीवर नवे केस आले. अंगावर चकाकी आली. मी पुन्हा शाळेत जायला लागले, दुपारच्या सुट्टीत घरी पळत यायचे.

अप्पांना वाटलं की रीत फळली. ते कचेरीतून आले की टिकलीच्या पाठीवर थाप मारून आईला म्हणायचे, बघ, मी म्हटलं नव्हतं का, आजोबा काही वेडे नव्हते. मी आणि आई एकमेकींकडे बघायचो नाही. मी या गोष्टीवर पुढे खूप विचार केला आहे. आजोबा वेडे नव्हतेच. त्यांच्या काळात पाचही ठाणं भरलेली असायची. आई दूर गेली तरी शिंगराच्या दोन्ही बाजूंना घोडे उभे असायचे, त्यांचा श्वास, त्यांचा वास, त्यांचं खाणं ऐकत ते सावरायचं. म्हणून एकदम तोडलं तरी चालायचं. अप्पांना रीत मिळाली, घोडे मिळाले नाहीत, आणि रीत कशाच्या जिवावर चालत होती हे सांगायला कोणी राहिलं नव्हतं. हे मी त्यांच्या हयातीत त्यांना म्हणू शकले नाही.

नवरात्र बसायच्या आधी एका शनिवारी अप्पा दुपारीच घरी आले, नानाकाकांना घेऊन. त्यांना टिकली दाखवायची होती. बोळातून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, अप्पा सांगत होते की बिनऔषधाची, केवळ जुन्या शिस्तीने उभी केली आहे. मी शाळेतून नुकती आले होते. मला गोरीला बाहेर काढायला वाट नव्हती, वाट त्याच बोळातून होती. ते पागेपाशी आले तेव्हा गोरी सर्जाच्या रिकाम्या ठाणात बसली होती आणि टिकली तिच्या मानेवर मान टाकून डुलक्या घेत होती.  मग नानाकाकांनी जीभ गालात फिरवली आणि म्हणाले, "वा भिया. शिलेदारांच्या पागेत नवी भरती झालेली दिसते." आणि ते हसले. फार मोठ्याने नाही. अप्पाही हसले. ते हसू मला आजही डोळ्यांपुढून घालवता येत नाही.

नानाकाका चहा पिऊन गेले.  अप्पांनी स्वतः गोरीला उठवलं, बोळातून नेलं आणि रुक्माला सांगितलं की उद्यापासून तिला भिंतीपासून लांब बांध. रुक्माने बांधलं, न बांधून काय करणार. मग ते परत आले आणि टिकली भिंतीकडे जाऊ नये म्हणून त्यांनी तिला अगाडी-पिछाडी घातली, म्हणजे पुढचे दोर मानेला आणि मागचे मागच्या पायांना, मोठ्या घोड्याला बांधतात तसे. तिला ते कधी माहीत नव्हतं. आई दारात उभी राहून म्हणाली, "लहान आहे हो ती." अप्पा म्हणाले, "शिकेल." टिकलीने त्या रात्री एकही हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी तिने खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी पाणीही घेतलं नाही. मी अप्पांच्या पाया पडले. ते म्हणाले, आधी पण असंच केलं होतं तिने, मग खायला लागली की नाही? त्यांना खरंच तसं वाटत होतं. ती कशी खायला लागली हे ऐकण्याची त्यांची तयारी नव्हती.

सकाळची वेळ होती. अप्पा अंघोळ करत होते, तांब्याचा आवाज येत होता. मी तोबरा घेऊन टिकलीपाशी उभी होते. पलीकडे कुंभारांची गाढवं मातीला निघाली होती आणि त्या दिवशी कशी कोण जाणे, गोरीही त्यांच्याबरोबर निघाली. भिंतीलगतच्या वाटेने जाताना ती ओरडली. टिकलीने मान वर केली. इतके दिवस पडलेले तिचे कान उभे राहिले, आणि ती अंगातली होती नव्हती ती सगळी ताकद लावून भिंतीकडे झेपावली. मागचे दोर तुटले नाहीत. ती हवेतच मागे ओढली गेली आणि आडवी पडली, आणि मला वाळकं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. अप्पा ओल्या पंच्यानिशी धावत आले. टिकली उठायला बघत होती आणि मागचा एक पाय तिच्याबरोबर उठत नव्हता.

डॉक्टर दुपारी आले. त्यांनी पाय पाहिला, मग अप्पांकडे पाहिलं. काहीही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांनी बोलायला हवं होतं. अप्पांनी टिकलीचं डोकं मांडीवर घेतलं आणि डॉक्टरांना मान हलवून सांगितलं. मी तिचे कान धरून बसले होते. इंजेक्शननंतर ते हळूहळू माझ्या हातात सैल पडले. तिला उचलून न्यायला हातगाडी आली तेव्हा अप्पांनी तिच्यावर दसऱ्याची नवी झूल घातली. रेवासाठी शिवून आणलेली होती ती, तिला फारच मोठी झाली, दोन्ही बाजूंनी जमिनीवर लोळत होती.

त्यानंतर आमच्या घरातला आवाजच गेला. आईने सवयीने हंडा चढवला आणि मग उतरवून ठेवला, तो शिजलेला हरभरा आम्ही तीन दिवस उसळ करून खाल्ला.  अप्पा कचेरीत जात, येत, आणि पहिल्यांदाच चपला काढून सरळ घरात येऊन बसत. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. त्यांनीही प्रयत्न केला नाही. मला त्यांचा इतका राग होता की त्यांच्या ताटावर शेव टाकायची असली तरी मी आईला टाकायला सांगायचे. आणि तरी ते जेवायचे थांबले, हातातला घास तसाच धरून बसले, की माझ्याही हातातला घास थांबायचा.

दसऱ्यासाठी रेवाला आणणं भाग होतं. आत्याने निरोप पाठवला की ती आता चांगली भरली आहे. अप्पा गेले आणि तिला घेऊन आले. बोळाच्या तोंडाशी आल्यावर ती हिसका देऊन पुढे झाली, सरळ टिकलीच्या ठाणात गेली आणि जमीन हुंगायला लागली. कोपरा हुंगला, आडणी हुंगली, आडणीवरचे तांबूस केस हुंगले. मग तिने मान वर करून हाक मारली आणि कान उभे करून थांबली. संध्याकाळपर्यंत हेच चाललं. चंदीला तिने तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उद्यावर दसरा आला होता. अप्पा खांबाला टेकून तिच्याकडे बघत उभे होते.  मग त्यांनी टोपी घातली, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर गेले.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोर होता आणि दोराला गोरी होती. ते रुक्माच्या घरून पाठीमागच्या वाटेने थेट आमच्या बोळात येऊ शकले असते. ते पुढच्या रस्त्याने आले, भर दुपारी, शेवेच्या दुकानावरून, बाकांवर बसलेल्या सगळ्या माणसांच्या देखत, आपल्या एरवीच्या चालीने. कोणीतरी काहीतरी बोललं असणार. त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी गोरीला पागेत आणलं, टिकलीच्या ठाणात बांधलं आणि तोबरा स्वतः रेवाच्या तोंडापाशी धरला. रेवाने गोरीची मान हुंगली, पाठ हुंगली, तिथे बराच वेळ नाक ठेवून राहिली. मग तोबऱ्यात तोंड घातलं.

आई आणि मी दारात उभ्या होतो. अप्पांच्या हातात तोबरा हलत होता आणि ते त्यात खाली बघत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मंदा, ती पण अशीच खायची का गं?"

"हो अप्पा," मी म्हटलं. "अशीच."